समुद्राचा फोटो पांढुरका येतोय? आधी पायातली चप्पल काढा

आरे-वारेच्या वळणावर गाडी थांबते, चारजण उतरतात, पाच मिनिटांत पन्नास फोटो निघतात आणि गाडी गणपतीपुळ्याकडे निघून जाते. रात्री लॉजवर फोटो बघताना मग तक्रार सुरू होते. समुद्र होता निळाशार, फोटोत मात्र ताकाचं पाणी. आकाश पांढरं, डोंगर राखाडी, वाळूवर साय धरल्यासारखी. मी रत्नागिरीचा, त्यामुळे पाहुण्यांचे असले फोटो बघायची आता सवय झाली आहे. "फिल्टर मारला की होतं ठीक" म्हणणारे असतात. होत नाही. आकाश निळं करायला जावं तर माणसांचे चेहरेही निळे पडतात.

अडचण अशी की पांढुरकेपणा दिसायला एकच, पण कारणं वेगवेगळी. कांद्याने डोळ्यांत पाणी येतं आणि सर्दीनेही येतं, म्हणून दोन्हींना एकच औषध चालत नाही. समुद्रावर हा पांढुरकेपणा काचेवर असतो, कॅमेऱ्याच्या हिशेबात असतो, हवेत असतो, नाहीतर उन्हाच्या दिशेत. कुठे आहे ते कळलं की उपाय बहुतेक वेळा फुकटचा निघतो.

मला हे कळायला दोन हिवाळे आणि अठराशे रुपये लागले. कॅमेरा नवा होता. दर रविवारी पहिल्या अर्ध्या तासातले फोटो दुधाळ, नंतरचे बरे. शेवटी एका दुरुस्तीवाल्याकडे लेन्स नेली. त्याने काचेत बघितलं न बघितलंसं केलं, "बुरशी" म्हणाला आणि साफसफाईचे अठराशे घेतले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. पत्ता लागला तो बायकोमुळे. गाडीतून उतरल्यावर ती म्हणाली, "अहो, चष्मा पुसा आधी, पडाल." चष्म्यावर वाफ धरली होती. वीस मिनिटं एसी लावून आलेलो, आणि कॅमेऱ्याची बॅग पुढे पायाशी, थेट गार झोतात. जी वाफ चष्म्यावर तीच लेन्सवर. चष्मा मी दर वेळी पुसत होतो, लेन्सकडे ढुंकून बघत नव्हतो.

चप्पल काय सांगते

आता कुणी विचारलं की पहिलं हेच सांगतो, चप्पल काढा. काळी असेल तर उत्तम, नसेल तर काळी छत्री किंवा काळी पिशवी. चार-पाच पावलांवर ती वाळूत ठेवायची. ऊन आपल्या कुशीवर येईल असं उभं राहायचं. खाली चप्पल, मधे लाटांचा फेस, मागे लांबचं डोंगराचं टोक, असं सगळं एका फोटोत घ्यायचं. मग सावलीत जाऊन फोटो मोठा करून बघायचा. भर उन्हात स्क्रीन बघून काहीही ठरवू नका, तिथे चांगला फोटोही फिका दिसतो.

चप्पलच धुरकट असेल, कडा पसरलेल्या असतील, तर दोष काचेवर. चप्पल रेखीव आहे पण काळीची करडी झालीय, अंगठ्याखालचा झिजलेला ठसा स्पष्ट दिसतोय आणि मागचा फेस मात्र सपाट पांढरा पट्टा झालाय, तर कॅमेऱ्याचा हिशेब चुकला. चप्पल काळीकुळीत, फेसात बुडबुडे दिसतायत, फक्त लांबचा डोंगर विरघळलाय, तर ती हवा. आणि चप्पल, फेस, डोंगर सगळं जागच्या जागी असूनही फोटोत जीव नसेल, तर तुम्ही वेळ चुकलात.

काचेवर काय बसतं

सर्वात जास्त वेळा दोष इथेच सापडतो, म्हणून इथे जरा थांबू.

वाफेचं शास्त्र साधं आहे. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम सुटतो तसा गार लेन्सला दमट हवेत सुटतो. उपाय पुसणं नाही, कारण काच गार असेपर्यंत पुसलं की पुन्हा धरते आणि पुसून पुसून चरे पडतात. लेन्सला बाहेरच्या हवेइतकं गरम होऊ द्यायचं. मी आता बॅग डिकीत ठेवतो, जिथे एसी पोचत नाही. मुक्कामाच्या खोलीत एसी असेल तर निघण्याआधी अर्धा तास बॅग गॅलरीत, चेन बंद ठेवून. चेन बंद महत्त्वाची. उघड्या बॅगेत दमट हवा थेट गार काचेवर जाते. सहा वाजता सूर्य बुडणार आणि तुम्ही पावणेसहाला एसीतून उतरणार असाल, तर त्या दिवसाचे फोटो लेन्सने आधीच खाल्ले म्हणून समजा.

दुसरं, खार. वाऱ्याच्या दिवशी लाटांचे बारीक तुषार शंभर पावलांवरही पोचतात. थेंब सुकतो आणि मागे मिठाचा पातळ थर राहतो. डोळ्यांना तो सहज दिसत नाही; मोबाइलची टॉर्च काचेवर तिरपी मारली की ठिपके चमकतात. तो कोरड्या फडक्याने, त्यातही सदऱ्याच्या टोकाने, घासू नका. मिठाचे खडे आणि वाळूचे कण काचेवरून फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर मारणं. आधी रबरी ब्लोअरने कण उडवायचे, मग मायक्रोफायबरचं कापड डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलं करून अलगद टिपायचं, मग कोरड्या कोपऱ्याने. चाळीस-पन्नास रुपयांची डिस्टिल्ड वॉटरची बाटली, जी गाडीच्या बॅटरीत घालायला मिळते ती, वर्षभर पुरते.

मोबाइलवाल्यांचा दोष बहुतेक वेळा याहून साधा असतो. गेल्या दिवाळीत पुण्याहून बहीण आणि भावोजी आले होते. भावोजींचा मोबाइल माझ्या कॅमेऱ्याहून महाग, आणि संध्याकाळी सगळे फोटो धुक्यात बुडालेले. सूर्याभोवती लांबलचक रेघ, दिव्याला फाटा फुटल्यासारखी.

"भावोजी, मोबाइल इकडे द्या जरा."

"अहो, कॅमेरा बघायलाच हवा, कंपनीने काहीतरी गडबड केलीय."

मागची काच उन्हात धरली तर तिच्यावर सनस्क्रीनचा आणि तळलेल्या सुरमईच्या तेलाचा मिळून एक छान अंगठा उमटलेला. पुसली. पुढचा फोटो काढून मी मोबाइल परत दिला. भावोजी काही बोलले नाहीत, पण नंतर दिवसभर ते मोबाइल छातीशी धरून पुसत होते. तेलाचा थर साध्या उजेडात जाणवत नाही, पण समोर सूर्य असला की तो उजेड सगळीकडे फेकतो आणि सगळा फोटो पांढरा पडतो.

काच स्वच्छ असूनही समोरच्या उन्हात असं होत असेल तर लेन्सवर हाताची सावली धरा, टोपी धरा. सावलीने काळा रंग परत आला तर उन्हाची तिरीप काचेवर पडत होती एवढंच. लेन्स हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडाला लावायची सावलीची कड, याच कामाचा आहे. तो उलटा लावून फिरणारे मला कळलेले नाहीत.

राहिली बुरशी. कोकणात ती खोटी गोष्ट नाही, पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना येते तर लेन्सला का नाही. टॉर्च लेन्सच्या मागून मारून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. नुसते धुळीचे कण दिसले तर विसरून जा, त्यांनी फोटो बिघडत नाही. जून ते सप्टेंबर लेन्स कातडी पाकिटात ठेवू नये. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल, आणि दाणे निळ्याचे गुलाबी झाले की बदलायचे. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवण्याचा सल्ला देणारे बरेच आहेत. तांदळाची भुकटी बटणांत शिरते, बाकी काही होत नाही.

काळा समुद्र, पांढरा समुद्र

कॅमेऱ्याचा हिशेब कसा चुकतो ते शिकायला रत्नागिरीसारखं गाव नाही. रत्नदुर्ग किल्ल्याच्या एका अंगाला मांडवीकडे काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला मिऱ्याकडे पांढरा समुद्र. पाणी दोन्हीकडे तेच, रंग वाळूचा. काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं, लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज, जड आणि काळं.

कॅमेऱ्याला वाळू काळी की पांढरी हे माहीत नसतं. समोर जे असेल ते सरासरीने मध्यम करडं यायला हवं, एवढाच त्याचा समज. नवे मोबाइल देखावा ओळखून थोडं सावरून घेतात, पण मुळातली खोड तीच. मांडवीवर उभं राहून काळी वाळू फ्रेमभर घेतली की तो म्हणतो, अंधार फार आहे, उजेड वाढवू. वाळू करडी होते, आणि त्याच वाढीव उजेडात फेस आणि आकाश पांढरं जळून जातं. पांढऱ्या वाळूवर उलटं: उजेड फार आहे म्हणून तो कमी करतो आणि वाळू मळकट राखाडी येते. म्हणून काळ्या वाळूवर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड हाताने कमी-जास्त करायची सोय) उणे १ च्या आसपास, पांढऱ्या वाळूवर अधिक पाऊण ते १. ही सुरुवात. पुढचं हिस्टोग्राम बघून, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा उजेडाचा आलेख, डावीकडे काळोख आणि उजवीकडे उजेड: त्यातली टेकडी उजव्या भिंतीला चिकटली की फेस गेला. फेसातला तपशील एकदा गेला की घरी जाऊन कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. काळोखातला बराचसा येतो. त्यामुळे शंका आली तर फोटो थोडा काळपट ठेवा.

मोबाइलवर हेच करायला आकाशातल्या उजळ ढगावर बोट टेकवा, सूर्यावर नव्हे, सूर्याच्या शेजारी. मग बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. सूर्यास्त एका बोटाने परत येतो.

सूर्यास्त केशरी दिसत होता आणि फोटोत फिका पिवळट आला, तर तो ऑटो व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे आपोआप रंग सावरणाऱ्या सेटिंगचा उद्योग. त्याला वाटतं केशरी म्हणजे चूक, दुरुस्त करू. डेलाइटवर किंवा ढगाळवर ठेवा आणि विसरा. तसंच एचडीआर, म्हणजे काळोख आणि उजेड दोन्ही सावरून घेणारं सेटिंग. दुपारी उपयोगी, पण संध्याकाळी होडीच्या सावलीतला काळोख उजळून तो दिवेलागणीची दुपार करतो. होडी काळी यायची असेल तर ती काळीच येऊ द्या.

हवेचं काय करायचं

फारसं काही नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी सकाळी लांबचे डोंगर धुरकट असतात, ते लेन्स बदलून जात नाहीत. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायची चमक अडवणारी काच, विकणारे त्यावर छान बोलतात. पोलरायझर चांगली वस्तू आहे, ओल्या कातळावरची आणि पाण्यावरची चमक काढतो, पण त्याचा आकाशावरचा जोर सूर्यापासून काटकोनात असलेल्या भागात. सूर्याकडे तोंड करून लावला तर फक्त उजेड खातो. वाइड लेन्सवर लावला तर आकाशात मधेच एक गडद निळा पट्टा येतो आणि बाकी फिकं राहतं.

हवा स्वच्छ हवी तर पावसाची उघडीप बघा. भाद्रपदात सर येऊन गेल्यावर तासाभरात जे दिसतं ते जानेवारीत महिनाभर थांबून दिसत नाही. आणि धुरकट दिवसच नशिबी असेल तर सूर्य पाठीशी किंवा कुशीला घ्या. समोर घेतला की धूर दुप्पट उजळतो. तरीही समोर घ्यायचाच असेल तर लांब लेन्सने एकामागे एक गेलेली डोंगरांची टोकं काढा. तिथे तोच धूर कामाला येतो.

वेळ

इंटरनेटवर 'गोल्डन अवर', म्हणजे सूर्यास्ताआधीचा सोनेरी उजेडाचा तास, वाचून लोक येतात आणि तासभर आहे म्हणून नारळपाणी पीत बसतात. तो तास युरोपातल्या माणसांनी लिहिलेला आहे. आपल्याकडे सूर्य जवळजवळ उभा उतरतो. क्षितिजाच्या ६ अंश वर असलेला सूर्य रत्नागिरीत पंचवीस-सत्तावीस मिनिटांत बुडतो. लंडनला उन्हाळ्यात याच प्रवासाला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. म्हणजे आपला सोनेरी तास हा सोनेरी अर्धा तास. ट्रायपॉड त्याआधी वाळूत रोवलेला हवा, आणि रोवलेला म्हणजे खरंच दाबून, नाहीतर दर लाटेला पाय खचतात आणि क्षितिज वाकडं होतं. रत्नागिरीत डिसेंबरात सूर्य साधारण सहा वाजून पाच मिनिटांनी बुडतो, जूनमध्ये सव्वासातला. जागाही बदलते: डिसेंबरात पश्चिमेच्या बरीच दक्षिणेला, जूनमध्ये तितकीच उत्तरेला, दोन्हींत जवळजवळ ४९ अंशांचं अंतर. मे महिन्यात खडकामागे गेलेला सूर्य डिसेंबरात तिथे शोधू नका.

आणि निळा समुद्र संध्याकाळी मागू नका. आपला किनारा पश्चिमेकडे बघतो. संध्याकाळी समुद्राकडे बघणं म्हणजे दिव्याकडे बघणं. पाणी चमकेल, होड्या काळ्या येतील, पण निळा-हिरवा रंग नाही. त्यासाठी सकाळी नऊ-साडेनऊ. सूर्य डोंगरावरून वर आलेला, आपल्या पाठीशी, आणि उजेड थेट पाण्यात शिरलेला. त्या वेळी पुळणीवर कुणी नसतं, सगळे घावन-चटणी खात असतात.

याहून मोठी चूक भरतीची. "ओल्या वाळूत आकाशाचं प्रतिबिंब पाहिजे होतं" म्हणून लोक येतात आणि पाणी सुरूच्या मुळांशी आलेलं. यासाठी कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरती कधी भरेल ते तास मिळतात. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा किंवा अमावास्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, तिथून सव्वासहा तासांनी, साडेपाचच्या आसपास, पूर्ण ओहोटी. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा १ मोजायचं. हा अंदाज आहे, पुढे-मागे होतो, नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. पण कालनिर्णय भिंतीवर असेल तर महिन्याचा बेत बसल्या जागी ठरतो. प्रतिबिंब हवं तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, कारण तेव्हा ओहोटीही सर्वात लांब जाते आणि सूर्य बुडताना वाळू आरशासारखी ओली असते. वर पौर्णिमेला मागे वळून बघितलं तर डोंगरावर चंद्र. खडकांवर फुटणाऱ्या लाटा हव्यात तर अष्टमी-नवमी, आणि तेव्हा खडकावर उभं राहायचं नाही, मागून लांब लेन्सने.

वेळ चुकल्याचा सगळ्यात स्वच्छ नमुना मात्र समुद्रावर नाही, वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर आहे. कशेळी, उक्षी, बारसू, देवीहसोळ इथल्या कातळावर माणसांनी प्राचीन काळी कोरलेले हत्ती, मासे, माणसं आहेत. २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. रेषा उथळ आहेत. दुपारी बारा वाजता कशेळीच्या हत्तीपाशी उभे राहा, फोटोत नुसता पांढुरका कातळ येतो, जवळ उभ्या माणसालाही सोंड दाखवावी लागते. सकाळी सात-साडेसातला या. तिरपं ऊन कातळावरून सरपटत येतं, प्रत्येक रेषेच्या एका कडेला सावली भरते आणि हत्ती जमिनीतून उठतो. तोच कॅमेरा, तोच कातळ. रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू किंवा पाणी भरू नका, ऊन कलेपर्यंत थांबा. आणि चप्पल इथेही काढा, पण फोटोसाठी नव्हे. कोरलेल्या भागावर पाय देऊ नका.

एवढं सगळं तपासून फोटो चांगला निघाला, मोबाइलवर बघितलात, घरच्यांना पाठवलात आणि बहिणीचा निरोप आला की "फिकटच आलाय रे", तर कॅमेऱ्याला हात लावू नका. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि तिला सांगा की तिच्या मोबाइलचा ब्राइटनेस वाढव.